मालक नसलेल्या शाळा

मंडईच्या इमारतीला एका शिक्षकाचं नाव आहे आणि तिच्या आवारात दुसऱ्या शिक्षकाचा पुतळा उभा आहे. महात्मा फुले आणि लोकमान्य टिळक. दोघांच्या विचारांत अंतर मोठं. पण ऐन उमेदीत दोघांनीही पहिलं काम हाती घेतलं ते शाळा काढण्याचं, आणि तेही याच पेठांमध्ये. मंडईतून निघून तुळशीबागेच्या कडेनं बुधवारात शिरलं की दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात दोघांच्या शाळांच्या जागा येतात. एकाच्या शाळा दहाएक वर्षांनी त्यांच्या हातून सुटल्या आणि पुढे बंद पडल्या. दुसऱ्याची शाळा, तो स्वतः रागावून बाहेर पडल्यावरही, आजतागायत चालू आहे. असं का झालं, हा प्रश्न मला शिक्षिका म्हणून आयुष्यभर पुरला.

मी मंडईतली मुलगी. आमचा कांदे-बटाट्यांचा गाळा होता. आजोबांचा तो वडिलांकडे आला, वडिलांचा भावाकडे. ही मधल्या मनोऱ्याची अष्टकोनी इमारत १८८६ मध्ये बांधून पूर्ण झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं रे मार्केट म्हणून उघडली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. बाजारासाठी एवढी खर्चिक इमारत उभारायला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं. ठराव झाला तो त्यांच्या मताविरुद्ध. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं. टिळकांचा पुतळा त्याआधीच, १९२४ साली, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते इथे बसला होता.

मी बीएड होऊन एका जुन्या शिक्षण संस्थेच्या शाळेत लागले तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रात्री जेवताना विचारलं, "तुमच्या शाळेचा मालक कोण गं?"

"मालक कोणी नाही, अण्णा. संस्था आहे."

"संस्था म्हणजे माणसंच ना? ती गेली की पुढं कोण बघतं? त्यांची पोरं?"

"नाही. पोरांचा काही संबंध नसतो. मंडळ असतं, ते पुढची माणसं निवडतं."

"परकी माणसं?" अण्णांना ते खरंच वाटेना. "मग ती जीव लावून का करतील?"

अण्णा चौथी शिकलेले. पण शिक्षण संस्थांच्या इतिहासाचा गाभा त्यांनी एका प्रश्नात पकडला होता. गाळ्याला वारस जन्मानं मिळतो. संस्थेला तो शोधावा लागतो, तयार करावा लागतो, आणि त्याच्यावर भरवसा ठेवून वेळेत बाजूला व्हावं लागतं. पुण्यातल्या शिक्षण संस्थांचा दीडशे वर्षांहून मोठा इतिहास मी या नजरेनं वाचत गेले.

आधी फुल्यांकडे जाऊ. १८४८ मध्ये बुधवार पेठेत तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. तेव्हा जोतीराव एकवीस वर्षांचे होते आणि सावित्रीबाई सतरा. १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात एक आणि रास्ता पेठेत एक अशा आणखी शाळा निघाल्या, १८५२ मध्ये वेताळ पेठेत. आजच्या भाषेत चार वर्षांत चार शाखा. शिक्षकच मिळत नव्हते त्या काळात जोतीरावांनी बायकोला शिकवून शिक्षिका केलं आणि तिच्या हाती शाळा दिली, हे या कामातलं सर्वांत दूरदृष्टीचं पाऊल. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारनं जोतीरावांचा शाल देऊन सत्कार केला. तो वाडा मंडईपासून हाकेच्या अंतरावर. पुढच्या वर्षी मुलींची जाहीर परीक्षा झाली तेव्हा बघायला लोटलेल्या गर्दीनं पुणं हादरलं होतं.

काम रीतसर चालावं म्हणून फुल्यांनी मंडळ्याही स्थापन केल्या. एक मुलींच्या शाळांसाठी, दुसरी महार, मांग आदी समाजांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी. देणग्या होत्या, दक्षिणा फंडातून मदत होती, गोऱ्या अधिकाऱ्यांची वर्गणी होती. पण मंडळीतले लोक वेगळे आणि शाळेत उभं राहून शिकवणारे वेगळे. व्यवस्थापनात मतभेद झाले आणि १८५८ च्या सुमारास जोतीराव त्यातून बाजूला झाले. १८५७ च्या उठावानंतर युरोपियनांच्या देणग्याही आटल्या. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी स्वतःच लिहून दिलं की काही कारणांमुळे या शाळांचं काम आता आपल्याकडे नाही. कारणं त्यांनी सांगितली नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाच्या निवेदनातलं ते मोजकं वाक्य मला फार लागतं. त्या शाळांत शिकलेल्या मुलींनी पुढे काय केलं असतं, कुणी त्या शाळा चालवल्या असत्या, याचं उत्तर मिळायच्या आत त्या जोतीरावांच्या हातून गेल्या.

आता दुसरी शाळा. १ जानेवारी १८८० रोजी बुधवार पेठेत मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. सरकारी नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर, नुकते एलएलबी झालेले टिळक आणि धडाडीचे माधवराव नामजोशी हे तिघे आरंभाचे. लवकरच वामन शिवराम आपटे आले आणि एमए होताच गोपाळ गणेश आगरकर आले. पाचही जण विशी-तिशीतले. पहिली दोन वर्षं बघता बघता गेली आणि १७ मार्च १८८२ रोजी चिपळूणकर वारले. वय अवघं एकतीस. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. एक गेलेला, दोन तुरुंगात, आणि शाळा चालूच.

या धक्क्यांतून त्यांनी धडा घेतला असावा. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ पासून फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. मला महत्त्वाचा वाटतो तो या सोसायटीच्या घटनेतला आजीव सदस्यांचा नियम. शिकवणाऱ्या शिक्षकांनी वीस वर्षं संस्थेची सेवा करायची शपथ घ्यायची. पगार महिना ७५ रुपये. त्यांच्या माघारी कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून संस्थेनं त्यांचा आयुर्विमा उतरायचा. आणि संस्थेचा रोजचा कारभार याच आजीव सदस्यांनी मिळून पाहायचा. देणगीदार, संस्थानिक, मान्यवर हे सगळे कौन्सिलात होते. पण शाळा-कॉलेजचं सुकाणू वर्गात खडू धरणाऱ्यांच्या हाती राहिलं. फुल्यांच्या मंडळ्यांत जी फट राहून गेली होती, ती इथे बुजली. यातला विम्याचा मुद्दा तर मी नव्या शिक्षकांना मुद्दाम सांगत असे. त्याग मागणाऱ्यांनी त्याग करणाऱ्याच्या बायकापोरांचाही विचार केला होता.

पण नियम लिहिणारी माणसंच भांडली. आजीव सदस्यांनी सारा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरची कामं आणि बाहेरची कमाई करू नये, हा टिळकांचा आग्रह. आगरकर आणि तरुण गोपाळराव गोखले यांना बंधन इतकं ताणणं मान्य नव्हतं. आगरकर तेव्हा 'सुधारक' हे पत्र चालवत होते, गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं होतं. सामाजिक सुधारणांवरून मनं आधीच दुरावली होती. १८९० च्या अखेरीस टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यांचं राजीनामापत्र म्हणजे एक लांबलचक कैफियतच आहे. ज्या संस्थेसाठी उमेदीची दहा वर्षं घातली ती सोडताना त्यांना किती यातना झाल्या असतील, ते त्यात दिसतं.

यानंतरची पाच-सहा वर्षं मला या सगळ्या इतिहासातली कसोटीची वाटतात. १८९२ मध्ये आपटे गेले, चौतिसाव्या वर्षी. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतो. जून १८९५ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य असतानाच आगरकर गेले, चाळिशीही न गाठता. जानेवारी १८९६ मध्ये नामजोशी गेले. म्हणजे शाळा उघडल्यापासून सोळा वर्षांत तिच्या पाच आधारस्तंभांपैकी चौघे हयात नव्हते आणि पाचवा संस्थेत नव्हता. एखादं दुकान असतं तर फळीवर फळी लागली असती.

संस्था टिकली, कारण दुसरी फळी आधीच आत येऊन उभी होती. गोखले १८८५ च्या सुमारास साधे शिक्षक म्हणून आले आणि लवकरच आजीव सदस्य झाले. टिळक गेले तेव्हा गणित शिकवायला माणूस हवा होता, म्हणून गोखल्यांनी मुंबईहून आपला वर्गमित्र बोलावून घेतला. तो होता धोंडो केशव कर्वे. पुढच्याच वर्षी कर्वे आजीव सदस्य झाले. या कर्व्यांनी आपल्या कोकणातल्या नात्यातल्या एका हुशार मुलाला मुंबईत स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं होतं. तो रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. केंब्रिजला जाताना त्यानं परत येऊन सोसायटीची सेवा करायचं कबूल केलं होतं. १८९९ मध्ये तो तिथल्या गणिताच्या परीक्षेत अव्वल, म्हणजे सीनियर रँग्लर, झाला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. सरकारी नोकऱ्या पायाशी आल्या असत्या. पण तो पुण्याला परतला आणि १९०२ मध्ये त्याच तुटपुंज्या पगारावर फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. गोखल्यांनी कर्व्यांना आणलं, कर्व्यांनी परांजप्यांना घडवलं, आणि संस्थेनं तिघांनाही जबाबदारीच्या खुर्चीवर वेळेत बसवलं. अण्णांनी विचारलेल्या "परकी माणसं जीव लावून का करतील?" या प्रश्नाचं माझं उत्तर या साखळीत आहे. त्यांना कुणीतरी पारखून बोलावलं होतं, त्यांच्यावर जोखीम टाकली होती, आणि कामाचा मान त्यांच्या वाट्याला येऊ दिला होता.

अशी पक्की बैठक झाल्यावर शाखा निघाल्या. १८९९ मध्ये पुण्यात नवीन मराठी शाळा आणि त्याच वर्षी साताऱ्यात न्यू इंग्लिश स्कूल. १९१९ मध्ये सांगलीचं विलिंग्डन कॉलेज. १९४३ मध्ये पुण्यात बृहन् महाराष्ट्र कॉलेज ऑफ कॉमर्स. वर्षांमधली अंतरं पाहिली की कळतं, या लोकांनी शाखा काढण्याची घाई केली नाही. सातारा-सांगलीला पाठवायला आजीव सदस्य हाताशी असले तरच शाखा. आणि या घडणीची लागण संस्थेबाहेरही झाली. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तो सेवेच्या शपथेवरच. कर्व्यांनी १९०८ मध्ये हिंगण्यातल्या आपल्या स्त्रीशिक्षणाच्या कामासाठी निष्काम कर्ममठ उभा केला, तोही व्रत घेतलेल्या कार्यकर्त्यांचा. महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्थांच्या घटनांमध्ये आजीव सेवकांचं कलम आलं ते इथूनच.

हे सगळं पेठांमधल्या पांढरपेशा घरांच्या आवाक्यातलं होतं, आणि ते बोलल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. मंडईत पहाटे चारला हातगाडी ओढणाऱ्याच्या मुलाला या वर्गांत जागा मिळायला फार काळ जावा लागला. ती बाजू भरून निघाली साताऱ्याकडून. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी, फुल्यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेत, भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची घोषणा केली. १९२४ मध्ये तिचं ठाणं साताऱ्याला आलं आणि तिथे सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू झालं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. गावोगावच्या शेतकऱ्यांनी धान्य दिलं, जमिनी दिल्या. मुलं शेतात, बांधकामावर राबून शिकली.

भाऊरावांनी आजीव सेवकांची पद्धतही घेतली, पण त्यांनी आपले वारस थेट वसतिगृहातल्या पंगतीतून उचलले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्या वसतिगृहात वाढलेले. ते रयतेच्या कॉलेजात प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. रयतेच्या शाखा खेड्याखेड्यांत पसरल्या त्या यामुळे. शाळेसाठी शिक्षक बाहेरून शोधायचा नव्हता. कालचा विद्यार्थी उद्याचा शिक्षक म्हणून आपल्याच तालुक्यात परत जात होता. फुल्यांनी सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका केलं होतं, तोच मार्ग. भाऊरावांनी तो हजारो मुलांसाठी रुंद केला. म्हणून मी म्हणते, फुल्यांच्या शाळा बंद पडल्या तरी त्यांची रीत संपली नाही. सत्यशोधकांमार्फत ती काल्याला पोचली आणि तिथून सगळ्या महाराष्ट्रात गेली.

वारस शोधण्याचा हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. माझी भाची अमेरिकेत शिक्षणशास्त्र शिकत होती. तिला तिथल्या कप्पा डेल्टा पाय या संस्थेचं सभासदत्व मिळालं. १९११ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली ही शिक्षकांची मानाची संस्था. शिक्षणशास्त्रात चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना सभासदत्वासाठी बोलावलं जातं आणि विद्यापीठागणिक तिच्या शाखा आहेत. भाची तिच्या विद्यापीठातल्या शाखेची पदाधिकारी झाली तेव्हा फोनवर म्हणाली, "मावशी, आमची शाखा दर दोन वर्षांनी मरायला टेकते. सगळे पदवी घेऊन निघून जातात. नवे येतात त्यांना काही माहीतच नसतं."

मी तिला आमच्या शाळेतलं वेळापत्रक सांगितलं. आमच्या शिक्षक-खोलीत भिंतीएवढा पुठ्ठ्याचा तक्ता होता. प्रत्येक विषयाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर शिक्षकाच्या नावाची आद्याक्षरं, आणि टाचण्यांनी लावलेल्या त्या शेकडो चिठ्ठ्या जुळवण्याचं काम एका ज्येष्ठ बाईंकडे होतं. कुणाचा तास रिकामा ठेवायचा, प्रयोगशाळा कुणाला केव्हा, पहिल्या तासाला लांबून बसनं येणाऱ्या शिक्षकाला वर्ग द्यायचा नाही, पीटीचा तास डबा खाऊन झाल्याझाल्या लावायचा नाही, असे कितीतरी नियम त्यांच्या डोक्यात. निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी मला शेजारी बसवलं. पहिले काही दिवस मी फक्त चिठ्ठ्या कापल्या आणि बघितलं. मग त्या म्हणाल्या, "आता नववीचं तू लाव. मी बोलणार नाही." माझ्या मांडणीत दोन वर्ग एकाच शिक्षकावर आले. त्या खरंच बोलल्या नाहीत. मी शोधलं, दुरुस्त केलं. जूनमध्ये तक्ता भिंतीवर लागला तेव्हा खाली माझी सही होती, त्यांची नव्हती. त्या अजून नोकरीत होत्या, तरीही. पुढचं सबंध वर्ष अडचण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्या माझ्याकडे पाठवत राहिल्या.

भाचीला मी म्हटलं, हे करा. जाणाऱ्याच्या शेवटच्या वर्षात येणारा खुर्चीवर बसलेला असू दे. जाणारा शेजारी असेल, पण सही नव्याची असेल. दुसरं, पहिल्याच वर्षाच्या मुलांतून तुमची पुढची माणसं हेरा. सभासद झाल्यावर मग काम शोधून देऊ म्हणाल तर तोवर ती निघून जातील. तिसरं, काम असं असू द्या की ते न झालं तर कुणाचं तरी खरोखर अडेल. नुसत्या समारंभासाठी कुणी थांबत नाही. तिनं जवळच्या शाळेतल्या मुलांसाठी संध्याकाळचे वाचनवर्ग सुरू केले आणि ते चालवण्याची जबाबदारी पहिल्या वर्षाच्या दोघींवर टाकली.

आता आपल्याकडचं बोलायला हवं. पगार बहुतेक ठिकाणी सरकारी श्रेणीनं मिळतो, तो मिळायलाच हवा. पंचाहत्तर रुपयांत संसार ओढण्याची अपेक्षा कुणी कुणाकडून करू नये. पण संस्थांमध्ये एक नवी दरी पडली आहे. कित्येक शाळा-कॉलेजांत तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण शिक्षक वर्षानुवर्षं तास घेतात आणि घरी जातात. ज्यांना पुढच्या वर्षीच्या नोकरीची शाश्वती नाही, त्यांना संस्थेची वीस वर्षं कशी सोपवणार? नव्या शाखेच्या इमारतीची कोनशिला वेळेत बसते. त्या इमारतीत जीव ओतणारी माणसं मात्र नेमलेली नसतात. डिसेंबर २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, भिडेवाड्याची मोडकळीस आलेली वास्तू पाडली गेली आणि तिथे राष्ट्रीय स्मारक उभारायचं ठरलं. स्मारक व्हायलाच हवं, आणि ते देखणं व्हावं. पण त्या वाड्यात जे घडलं त्याची खरी आठवण ठेवायची तर दर शाळेत, दर कॉलेजात, एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला किंवा पंचविशीतल्या शिक्षिकेला नेमकी जबाबदारी सोपवली गेली पाहिजे.

म्हणून संस्थाचालकांना माझं सांगणं आहे. तासिकेवरच्या तरुणांना कायम करा, त्यांना बैठकीत बसवा, मत द्यायला लावा. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या शेवटच्या वर्षात त्याच्या कामावर दुसऱ्याची सही येऊ द्या. नवी शाखा काढण्याआधी तिथे जाऊन राहणारी चार नावं कागदावर लिहा. ती नसतील तर इमारतीचा ठराव पुढे ढकला. आणि माझ्या पिढीच्या शिक्षकांना सांगते, आपण निवृत्त झालो तरी हेरायचं काम संपत नाही. मी अजूनही मंडईत भाजीला जाते तेव्हा गाळ्यांवर हिशेब करत बसलेली पोरं दिसतात. त्यांतल्या एकीला मी यंदा डीएलएडचा अर्ज भरून दिला. तिची आई म्हणाली, "बाई, हिला शाळेत घेतील का हो?" मी म्हटलं, घेतील, आणि एक दिवस तिनंच शाळा चालवावी यासाठी आपण तिला आत्तापासून तयार करू.